डबल सायलेन्सर बसवण्याआधी

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडलेत आणि त्यांच्यावरून रोडरोलर चाललाय, असा फोटो वर्तमानपत्रांत वरचेवर येतो. तो बघून लोकांना बरं वाटतं. मलाही वाटतं. पण मी सायलेन्सरचाच कारागीर आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानासमोर एखादा पोट्टा गाडी उभी करून म्हणतोच, "भाऊ, डबल बसवून द्या ना. आवाजही येईल अन् पिकअपही वाढेल." त्याला रोडरोलरनं उत्तर मिळालेलं नसतं. दोन पाइपांनी गाडीत नेमकं काय होतं, हे त्याला कोणी नीट सांगितलेलंच नसतं. ते सांगावं म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांबलं आहे, पण शक्य तेवढं छापावं ही विनंती.

१९९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी मी गॅरेजात लागलो. पहिलं वर्षभर माझ्याकडे काम एकच होतं, येझदीच्या सायलेन्सरची जाळी काढून जाळायची. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलसोबत ऑइलही जळतं. त्याचा काळा, चिकट कार्बन जाळीच्या भोकांत बसतो आणि गाडी चढावर दम टाकते. मागचा स्क्रू सोडवायचा, पक्कडीनं जाळी ओढून काढायची, भट्टीत लाल होईस्तोवर ठेवायची आणि गार झाली की दगडावर आपटायची. कोळशाचे पापुद्रे गळून पडायचे. येझदीला सायलेन्सर दोन, म्हणून जाळ्याही दोन. मी एकदा वस्तादांना विचारलं, सिलिंडर एकच आहे तर सायलेन्सर दोन कशाला? त्यांनी उघडलेला सिलिंडर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आत बोट घालून बघ. धूर बाहेर पडायची भोकंच आत दोन होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. "जितकी दारं तितके रस्ते," एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. राजदूत ३५० यायची तिलाही दोन सायलेन्सर, पण तिचे सिलिंडरच दोन, प्रत्येकाचा पाइप वेगळा. रॉयल एनफिल्डची २०१८ सालची ६५० पाहा. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर. या गाड्यांवर दुसरा पाइप कोणी हौसेनं लावलेला नाही, इंजिनानंच तो मागितलेला आहे.

वस्तादांचं ते वाक्य मला चौतीस वर्षं पुरलं. ग्राहकाला डबल हवा असेल तर पहिला प्रश्न हाच असायला पाहिजे की इंजिनातून धूर किती दारांनी बाहेर येतो.

आता माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो, कारण त्यात सगळंच आलं. तो हिंगणा एमआयडीसीत नोकरीला आहे. दीड लीटरची, चार सिलिंडरची, २०२१ ची पेट्रोल गाडी. मी मामा सायलेन्सरवाला असूनही तो माझ्याकडे आला नाही, कारण मी नाही म्हणेन हे त्याला ठाऊक होतं. शहरातल्याच एका दुकानातून त्यानं अडतीस हजार रुपये देऊन डबल बसवून घेतला. महिन्याभरानं एका रविवारी दारात येऊन उभा राहिला. "मामा, गाडी काहून उठत नाही हो? सिग्नलवरून निघताना ऑटोसुद्धा पुढे जाते. अन् वर्धा रोडला लागलो की डोकं भणभणतं."

गाडी रॅम्पवर घेतली. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणाऱ्या इंजिनाजवळच्या पाइपांच्या, खालून शेवटपर्यंत सगळंच बदललेलं. कंपनीचा पाइप साधारण पावणेदोन इंचाचा होता. त्याजागी मधून वायसारखा फाटा काढून दोन-दोन इंचाचे दोन पाइप मागे नेले होते. हिशेब करून बघा. दोन इंची दोन पाइपांचं मिळून तोंड होतं कंपनीच्या एका पाइपाच्या अडीचपटीहून जास्त. धूर मात्र तेवढाच, कारण इंजिन तेच. आपण नागपूरकर उन्हाळ्यात रोज संध्याकाळी कूलर भरतो. पाण्याचा पाइप कूलरपर्यंत पोचत नसला की तोंडावर अंगठा दाबतो, धार लांब जाते. अंगठा काढला की पाणी पायाशी पडतं. धुराचंही तसंच आहे. धूर सलग वाहत नाही, एकेका सिलिंडरमधून धक्क्याधक्क्यानं येतो. एक धक्का वेगानं पुढे गेला की मागे पोकळी सोडतो, आणि ती पोकळी पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की धूर रेंगाळतो, गार होतो, आणखी रेंगाळतो, आणि ही ओढ ढिली पडते. खालच्या आरपीएमला (इंजिन मिनिटाला कमी फेरे घेतं तेव्हा), म्हणजे सिग्नलवर, चढावर, ट्रॅफिकमध्ये, जिथे आपली गाडी खरी चालते तिथेच खेच जाते.

इथे आमच्याच धंद्यातल्या एका गैरसमजाबद्दल सांगायला पाहिजे. "इंजिनाला बॅक प्रेशर लागतं, म्हणून पाइप मोठा करू नये," असं कित्येक मिस्त्री छातीठोकपणे सांगतात. इंजिनाला बॅक प्रेशर कधीच नको असतं. त्याला हवा असतो धुराचा वेग. लहान पाइपात वेगही राहतो आणि थोडा अडथळाही येतो, म्हणून लोक दोन्हीची गल्लत करतात. वेग टिकवून अडथळा जितका कमी करता येईल तितकं चांगलं, आणि ती मापं कंपनीनं महिनोन् महिने टेस्ट करून ठरवलेली असतात. शिवाय या ओढीचा मोठा भाग मॅनिफोल्डच्या पहिल्या हात-दीड हात लांबीतच ठरतो. शेवटच्या टोकाला एक पाइप आहे की दोन, यानं चार सिलिंडरच्या साध्या गाडीत ताकदीला जवळपास काहीच फरक पडत नाही. टर्बो गाडीत, म्हणजे धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या गाडीत, तर धक्के त्या पंख्यातच मोडून जातात. त्यापुढे एकच मोकळा पाइप पुरतो, मागची दोन तोंडं निव्वळ शोभेची.

पुढे पाहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबाच नव्हता. आम्ही त्याला कॅट म्हणतो. कापून टाकलेला. भाच्याला त्याचा पत्ताच नाही. "जुना माल भंगारात गेला असं म्हणाले," एवढं तो सांगू शकला. कॅटच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम हे मौल्यवान धातू असतात आणि त्याला भंगारात चांगला भाव येतो, हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणजे माझ्या भाच्यानं अडतीस हजार दिले आणि वर सायलेन्सरच्या सेटमधला सगळ्यात महाग पार्टही देऊन आला. बीएस सहाच्या, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या, गाडीत कॅटच्या पुढे आणि मागे ऑक्सिजन सेन्सर असतात. मागच्या सेन्सरला कॅट सापडला नाही की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तो लागलेलाच होता. दुकानदारानं सांगितलं होतं, "त्याच्याकडे लक्ष देऊ नका."

तेवढ्यावर थांबलं नाही. मी एका तोंडात चिंधी कोंबली, दुसऱ्यावर ओलं फडकं दाबून धरलं आणि भाच्याला गाडी चालू करायला सांगितली. पुढच्या सेन्सरच्याही आधी, इंजिनाच्या बाजूला असलेल्या वेल्डिंगमधून फुस्स आवाज आला. सुईच्या टोकाएवढं भोक. धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे त्या भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. गाडीचं ॲव्हरेजही पडलं होतं, ते असं.

आणि डोकं भणभणण्याचं कारण? पाचव्या गिअरमध्ये एका वेगाला त्याचं इंजिन २४०० आरपीएमवर येतं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन धमाके होतात. म्हणजे मिनिटाला ४८००, सेकंदाला ८०. हा ऐंशीचा घुमारा कानाला मोठा वाटत नाही, पण बंद काचांच्या गाडीत छातीवर येऊन बसतो. कंपनीच्या मधल्या डब्यात याच्यासाठी वेगळा कप्पा असतो, तो डबाच काढून टाकला होता. मी आधी हाच त्रास मिटवून पाहिला. पाइपाला काटकोनात सव्वा मीटरचा एक आंधळा पाइप जोडला, टोक बंद केलेला. गरम धुरात आवाज सेकंदाला साधारण ४०० मीटर धावतो असं धरा, तर ऐंशीच्या आवाजाची एक लाट पाच मीटरची होते. तिचा पाव हिस्सा सव्वा मीटर. आवाज आंधळ्या पाइपात शिरतो, टोकाला आपटून परत येतो, आणि येईस्तोवर बरोबर उलटा झालेला असतो. आवाजच आवाजाला मारतो. घुमारा बंद झाला. भाच्याचा चेहरा खुलला, पण खेच परत आली नाही आणि पिवळा दिवाही विझला नाही. शेवटी आठवड्यानं कंपनीचा अख्खा सेट मागवून बसवला. त्याला डबलपेक्षा जास्त पैसे लागले.

डबल सायलेन्सर नेहमीच फसवणूक असतो असं माझं म्हणणं नाही. दोन बाजूंना सिलिंडरच्या दोन रांगा असलेलं व्ही-सहा किंवा व्ही-आठ इंजिन असेल, तर प्रत्येक रांगेचा आपापला पाइप मागेपर्यंत नेणं हीच सरळ रचना आहे. एकदा माझ्याकडे मस्टँग आली होती, पाच लीटरची व्ही-आठ, फक्त हँगरचं रबर तुटलं होतं. मी ते काम तासभर लांबवलं, निव्वळ आवाज ऐकायला. त्या इंजिनात धमाके डाव्या-उजव्या रांगेत आळीपाळीनं होत नाहीत. मधेच एका रांगेचे दोन धमाके लागोपाठ येतात. म्हणून तो गडगडाट येतो, पावसाळ्यात लांबवर ढग बोलतात तसा. अशा गाडीत दोन पाइपांच्या मधे एक जोडणी ठेवतात, इंग्रजी एच किंवा एक्सच्या आकाराची, म्हणजे दोन्ही रांगांचे धक्के एकमेकांना मदत करतात. दोन सायलेन्सरचा आणखी एक खरा फायदा आहे. प्रत्येकातून निम्माच धूर जातो, त्यामुळे अडथळा न वाढवता आवाज जास्त दाबता येतो. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना कंपन्या दोन डबे लावतात त्यात हाही हेतू असतो. आणि आपल्याकडे मात्र डबल मागतात तो आवाज वाढवायला!

आवाजाबद्दल माझ्या मनात सगळ्यात जास्त आहे, कारण मला तो आवडतो. गाडीच्या आवाजानं अंगावर काटा येतो म्हणणाऱ्या पोरांना मी वेडं म्हणत नाही. मी स्वतः त्यातलाच आहे. पण आवाजाचा सूर इंजिन ठरवतं, पाइप नाही. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनाचे धमाके एकसारख्या अंतरानं पडतात. त्याला चार पाइप लावले तरी तो व्ही-आठसारखा गडगडणार नाही. बुलेटचा ठोका संथ वाटतो, कारण सिलिंडर एक आणि धमाका दोन फेऱ्यांतून एकदाच. त्या बुलेटला पंजाब किंवा इंदोरी नावाचा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला, किंवा कंपनीच्याच सायलेन्सरची जाळी उपटून फेकली, तर ठोका खोल होत नाही. फक्त त्यात फाटका, कर्कश आवाज मिसळतो आणि ठोका त्याखाली बुडून जातो. कर्कशपणा मारायला लागते ती जाळीभोवतीची ग्लासवूल, आणि खर्ज धरायला लागतो लांब, पोटाचा डबा. म्हणजे ज्याला खरोखर चांगला आवाज पाहिजे, त्याला सायलेन्सर जास्त लागतो, कमी नाही. किल्ली बंद-चालू करून जे फटाके वाजवतात, ते तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये पेटतं म्हणून. बुलेटवाल्यांनी असे पोट फुटलेले सायलेन्सर माझ्याकडे कितीतरी आणले आहेत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. दुचाकी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या आवाजाला मर्यादा असते. ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७, त्यावर ८०. डेसिबल हे किलोसारखं माप नव्हे. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते आणि कानाला तो दुप्पट वाटतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. आता आपली धंतोली डोळ्यांपुढे आणा. एका गल्लीत चार दवाखाने, वरच्या मजल्यावर कोणी ऑपरेशन होऊन पडलेलं, आणि खालून जाळी काढलेली बुलेट. मेडिकल चौकात रात्री दोनला रुग्णांचे नातेवाईक फुटपाथवर झोपलेले असतात, त्यांना विचारा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून आवाजाच्या पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने लायसन्स रद्द होऊ शकतं. कंपनीनं दिलेल्या रचनेत मनानं बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

मग हौस असलेल्यानं करावं काय? माझं सांगणं असं की आधी आहे तो सायलेन्सर तपासा. आपल्या लोकांच्या निम्म्या तक्रारी गंजाच्या असतात. एक लीटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लीटर पाणी वाफ होऊन पाइपातून जातं. बर्डी ते धरमपेठ एवढ्याच जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापतच नाही, ते पाणी आत साचतं आणि डबा आतून सडतो. डबलमध्ये तर निम्माच धूर प्रत्येक बाजूला, दोन्ही डबे आणखी थंड, आणखी लवकर सडतात. खास आवाजाचीच आवड असेल तर ज्या गाडीचा आवाज मुळातच मनात भरतो तीच घ्या, कंपनीचा सायलेन्सर असलेली. आणि इतकं सगळं ऐकूनही कोणी बदलायला निघालाच, तर निदान कॅटला हात लावू देऊ नका. काढलेला प्रत्येक तुकडा डिकीत टाकून घरी आणा. पाइप वळवताना आतल्या बाजूला सुरकुत्या पडल्या असतील, तर तिथे मूळ मापाचा पाइप उरलेला नाही हे ओळखा. दुसरा पाइप पेट्रोल टाकीच्या किंवा ब्रेकच्या नळीच्या जवळून नेला आहे का, हे खाली वाकून स्वतः बघा. ही जागा कंपनीनं मोकळी सोडली होती ती उगाच नाही. एका गाडीच्या हँडब्रेकच्या केबलचं आवरण वितळलेलं मी पाहिलं आहे.

आमच्या धंदेवाल्यांनाही हात जोडून सांगतो, पोराला नाही म्हणायला शिका. एक ग्राहक जातो हे खरं आहे. माझे पुष्कळ गेले. आणि प्रशासनाला एक सुचवतो. पीयूसी काढायला प्रत्येक गाडीला जावंच लागतं. तिथेच पाइपाच्या तोंडापासून अर्धा मीटरवर, ४५ अंशांत मीटर धरून आवाजही मोजावा. उभ्या गाडीचा आवाज मोजायची ही पद्धत आपल्या भारतीय मानकात आहेच. चौकात नुसत्या कानानं ठरवण्यापेक्षा आकडा कागदावर आला, तर कंपनीचा सायलेन्सर असलेल्याला उगाच थांबावं लागणार नाही आणि जाळी काढलेला सुटणार नाही. मी माझ्यापुरता मीटर विकत घेतला आहे. गाडी उभी केली की आकडा ग्राहकालाच वाचायला लावतो.

भाच्याच्या गाडीचे काढलेले दोन्ही पाइप माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेले आहेत. एका महिन्यात डाव्या पाइपाचं तोंड काजळीनं काळं झालं आहे आणि उजव्याचं स्टील अजून चकचकीत आहे, कारण फाट्याचं वळण उजवीकडे आवळलेलं होतं आणि बहुतेक सगळा धूर डावीकडूनच जात होता. डबल मागायला येणाऱ्याला मी आधी त्या दोन तोंडांत बोट फिरवायला सांगतो.

आपला नम्र,
एक सायलेन्सर कारागीर, सक्करदरा, नागपूर